रतनवाडीच्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं ताई" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, तुमची पोरगी वाचून दाखवेलच तुम्हाला. एवढं तेवढं काही नाही दादा, खूप होतं ते.

मे महिन्याच्या सुट्टीत भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं हे मुलांचं केव्हापासून चाललं होतं. आमची अडचण आईची. गुडघे पार गेलेत तिचे, रात्रीचं रानातून चालणं शक्यच नाही, त्यामुळे ती म्हणत होती तुम्ही जा मी खोलीवर थांबते. तुम्ही हे नुसतं ऐकलं आणि काही न बोलता तुमच्या लेकाला घेऊन घरातली खुर्ची उचललीत आणि गावाच्या कडेला त्या सादड्याच्या झाडापासून थोड्या अंतरावर नेऊन ठेवलीत, उजेड असतानाच, म्हणजे अंधारात तिला धडपडायला नको. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तुमची शिस्त! गाडी लांब लावायची, हेडलाईट बंद, मोबाईल खिशात, फ्लॅश तर नाहीच नाही. धाकट्याच्या बुटात चालताना पेटणारे लाईट होते तर तुम्ही ते बूट काढून पिशवीत टाकायला लावलेत आणि त्याला खांद्यावर घेतलंत, तो रडायच्या आत. झाडाखाली जायचं नाही, का तर माद्या खाली गवतात झुडपात बसलेल्या असतात, पायाखाली येतात, आणि वर जे चमकतायत ते नर त्यांनाच हाका मारतायत, आपला उजेड मध्ये आला की दोघांची चुकामूक. हे ऐकल्यावर मोठी जी एरवी फोन सोडत नाही ती गप्प उभी राहिली. वर्षातला जवळजवळ सगळा काळ अळी होऊन मातीत काढायचा, गोगलगायी खायच्या, आणि पंख फुटल्यावर पावसाच्या तोंडावर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग ते झाड एकदम पेटलं. सगळं झाड एकाच वेळी, मग एकाच वेळी अंधार, मग पलीकडचा हिरडा, मग पुन्हा हे. पुस्तकात वाचलेलं होतं की पोटाच्या टोकाशी रसायन आणि ऑक्सिजन मिळून हा उजेड तयार होतो, त्याला जवळजवळ उष्णताच नसते, पण असे हजारो जीव कोणी न सांगता एका तालात कसे येतात हे समोर बघताना मला काही सुचेना.

तुम्हाला माहितीये आम्ही ख्रिस्ती, दर रविवारी नगरला उपासनेला जाणारे. 104 वं स्तोत्र आईला तोंडपाठ आहे, त्यात डोंगरातले झरे, रानातली जनावरं, झाडावरचे पक्षी, सगळ्यांना देव कसं खाऊ-पिऊ घालतो ते येतं. आई ते लहानपणापासून म्हणतेय, पण तिथे खुर्चीत बसून तिने जी उपकारस्तुती केली तशी मी चर्चमध्ये पण ऐकली नव्हती. काजव्यांसाठी आभार, अंधारासाठी आभार, येणाऱ्या पावसासाठी, प्रवरेसाठी. प्रवरेचं का ते तुम्हाला तेव्हा सांगायचं राहिलं. आईचं माहेर श्रीरामपूरकडचं, तिच्या वडिलांचा ऊस आणि गहू प्रवरेच्या डाव्या कालव्यावर, म्हणजे तुमच्या डोंगरावर पडलेल्या पावसावर आमचं घर वाढलं. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी ती आयुष्यभर प्यायली आणि ते येतं कुठून हे तिने पहिल्यांदा पाहिलं, रतनगडाच्या पायथ्याशी.

पण मला जे टोचलं ते पण लिहिते. एवढ्या पावसाचा मुलूख, शेजारी एवढा मोठा जलाशय, आणि मे महिन्यात वहिनी डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून येत होत्या. त्याच पाण्यात आम्ही हात-पाय धुतले, त्याच पाण्यात त्यांनी पिठलं-नाचणीची भाकरी केली, ठेचा केला आणि वरून आग्रह करकरून वाढलं. आईने दुसऱ्या दिवसापासून बादलीभर पाण्याचं अर्ध्या बादलीवर आणलं आणि मुलांनाही सांगितलं की देवाचे आभार मानायचे तर आधी हे नीट वापरा. त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने तुमच्या विहिरीसाठीही मागितलं होतं, नाव घेऊन. तुम्ही टोपी काढून उभे होतात, ते मी बघितलं. तुमचा देव वेगळा, पण निघताना तुम्हीही डोंगराकडे बघून हात जोडलेत, आणि मला ते फार बरं वाटलं.

आम्ही बऱ्याच ठिकाणी फिरलोय, महाबळेश्वर, गोवा, सगळीकडे फोटो काढून आलो. यावेळी काजव्यांचा एकही फोटो नाही आणि मुलं अजून त्याच्याबद्दलच बोलतायत. धाकटा सोसायटीतल्या पोरांना सांगतो, काजवा हातात धरायचा नाही, त्याची बायको वाट बघत असते.

जे कोणी तिकडे जायच्या विचारात असतील त्यांनी प्लीज मुक्काम गावातल्या घरातच करा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि तो सांगेल ते ऐका. शनिवार-रविवार गाड्यांची लाईन लागते, जमलं तर मधल्या वारी जा.

आणि दादा, करवंदं पोचली, वहिनींना सांगा लोणचं घातलंय. नाताळला तुम्ही सगळे नगरला यायचं कबूल केलंय हे विसरू नका, करंज्या-चकल्या-अनारसे आईच करणार आहे, आणि एसटी राजूरहून कितीला सुटते ते पोरीला विचारून आधी कळवा म्हणजे ह्यांना स्टँडवर पाठवते.

तुमची,
नगरची ताई