भांडण नाही म्हणूनच इन्व्हेंटरी घाला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमीन हडप प्रकरणांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतच असतात. २०२२ मध्ये गोव्यात विशेष तपास पथक नेमले गेले, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. बनावट दस्त करणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्यांना रान मोकळे करून देणाऱ्या आपल्याच घरांविषयी मात्र कोणी बोलत नाही. आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या तरी एक-चौदाच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर आजोबाच. वारस कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, आणि भाटात (माडांच्या बागेत) कोण शिरतो हे बघायला माणूस नाही. हडप करणारे नेमकी अशीच मालमत्ता हेरतात.

इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, का घातली नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘आमच्यात भांडण नाही, मग कोर्टात कशाला?’ इन्व्हेंटरी म्हणजे भावावर केस, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. त्या प्रक्रियेत आरोपी कोणीच नसतो. मालमत्तेची यादी होते, मोल ठरते, वारस एकत्र बसतात. एकच घर दोघांना हवे असेल तर वारसांतच बोली लागते. चढी बोली लावणारा घर घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे मोजतो. भावंडे एकमेकांशी धड बोलत असतात तेव्हाच हे उरकावे. पुतण्यांची पिढी आली की नावेही नीट माहीत नसतात.

तोवर मालमत्ता सांभाळतो तो ‘काबेसा द काझाल’. बहुधा हयात नवरा किंवा बायको, ते नसतील तर घरात राहणारा मुलगा वा मुलगी. या माणसाची स्थिती मोठी विचित्र. गावात त्याला मालक समजतात आणि परगावची भावंडे चोर. तो दोन्ही नसतो. नारळ-सुपारी विकावी, पाडेल्याची (नारळ काढणाऱ्याची) मजुरी द्यावी, घरपट्टी भरावी, कौले शाकारावीत, आणि याचा हिशेब वारसांना द्यावा, इतकाच त्याचा अधिकार. जमीन एकट्याने विकणे त्यात बसत नाही. माझे मत असे की कोणी मागण्याची वाट न पाहता त्याने दरवर्षी हिशेब लिहून सर्वांना पाठवावा. नारळाच्या पैशांवरून जितकी घरे तुटली तितकी जमिनीवरूनही तुटली नसतील.

मुंबईचे नातेवाईक इथे हमखास चुकतात, काबेसाला निष्पादक (मृत्युपत्र अमलात आणणारा) समजतात. तिकडे मृत्युपत्रात निष्पादक नेमलेला असला की १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली त्याला मालमत्ता विकण्याचेही अधिकार मिळतात. इथले गणित वेगळे. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात असलेला नियम असा की मुले असतील तर मृत्युपत्राने आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मनासारखा देता येतो. उरलेला अर्धा मुला-मुलींचा, समान. शिवाय विवाह सामायिक मालमत्तेच्या पद्धतीचा असेल तर निम्मी मालमत्ता आधीच जोडीदाराची असते. इतकेच नव्हे, वारशाने आलेला वाटाही नवरा-बायकोत सामायिक होतो, म्हणून विक्रीखतावर जावई आणि सुनांच्याही सह्या लागतात. दोन भाऊ आणि तीन बहिणी, सगळे विवाहित, म्हणजे दहा सह्या. ‘जावयाचा काय संबंध?’ हा प्रश्न सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर विचारून उपयोग नसतो. आणि मूळ रहिवासी गोव्याचा असेल तर मुंबईतल्या त्याच्या फ्लॅटलाही हेच वारसा नियम लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा घोळ वारसाच्या दस्ताचा. विशेष नोटरीकडे केलेला हा दस्त वारस कोण एवढेच सांगतो. कोणाला काय मिळाले हे सांगत नाही. तो घेऊन एक-चौदावर नावे चढवतात आणि वाटणी झाली असे मानून आपला ‘तुकडा’ विकायला निघतात. दलालालाही तेच सोयीचे. उताऱ्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे.

विकायचेच ठरले तर आधी जमीन कसली ते पाहावे. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला सहसा देता येत नाही. घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), शेतात कूळ असेल तर त्यांचे हक्क आधी. वारशावर कर नाही, पण विक्रीच्या नफ्यावर आहे. फार जुन्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते, तेव्हा ते मूल्यांकन आधीच करून घ्यावे. परदेशातल्या भावाने पाठवलेल्या मुखत्यारपत्राला ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागावा लागतो. कपाटात पडून राहिले की खरेदीदाराचा वकील नेमके तेच बाहेर काढतो.

सरकारकडे माझे मागणे छोटे आहे. पंचायत किंवा पालिका मृत्यूचा दाखला देते, त्यासोबत मराठी आणि कोंकणीत छापलेला एक कागद द्यावा: काबेसा कोण, तो काय करू शकतो, काय करू शकत नाही, इन्व्हेंटरी कुठे घालायची. वारसांना जाणाऱ्या नोटिसाही याच भाषांत असाव्यात. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. इंग्रजी नोटीस आली की आमच्याकडच्या म्हाताऱ्या आत्या घाबरून ती देवघरात ठेवतात आणि सुनावणीची तारीख निघून जाते.

आपला,
एक नियमित वाचक
डिचोली, गोवा