नदीच्या कामाला निघालेल्या लेकीस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पुण्याच्या मुळा-मुठा नदीच्या प्रकल्पाचा मसुदा सावकाश वाचला. कंपनीशी जोडून घ्यायला तू कचरतेस, तेही कळलं. कंपनी पैसे देणार, महापालिका परवानग्या देणार, तुमची संस्था माणसं जोडणार, कॉलेजची मुलं पाण्याचे नमुने तपासणार. काम मोलाचं आहे, तू त्यात आहेस याचा अभिमान वाटतो. पण भागीदारांच्या यादीत पुण्याच्या खालचं एकही गाव नाही, हे मनाला लागलं.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, भीमा उजनीत अडते आणि सोलापूरच्या नळाला मुख्यतः उजनीचंच पाणी येतं, तेही काही दिवसांआड. उजनीवरचे मच्छीमार कधीपासून सांगताहेत की देशी मासे कमी झाले, जाळ्यात चिलापी हा परका मासाच फार लागतो. पाणी बिघडलंय हे त्यांना कुठल्या अहवालातून कळलेलं नाही. १९८० साली धरण पूर्ण झालं तेव्हा ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली, त्यातलीही कितीतरी माणसं काठावरच राहतात. या सगळ्यांना काम सुरू झाल्यावर बोलावून फोटो काढायचा, की कामाची आखणी करतानाच बसवायचं, हे तुम्हाला आत्ताच ठरवावं लागेल.

इथे सोलापुरात आपल्या वॉर्डात पाण्याच्या वेळांवर बैठक झाली, तिचं सांगतो. वेळ होती सकाळी अकराची. त्या वेळी शेजारच्या अक्का विडी कारखान्यात रांगेत असतात. आदल्या दिवशी वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या, तपासणाऱ्याने खराब म्हणून छाट काढली की तेवढी मजुरी गेली, मग पान-तंबाखू घेऊन घरी यायचं आणि पान भिजवायला टाकायचं. बैठकीला आम्ही पेन्शनर आणि चार दुकानदार. पाणी कधी सोडायचं ते आम्ही ठरवलं आणि भरायचं कुणी, तर अक्कांनी! इतिवृत्तात मात्र ‘सर्व नागरिकांच्या सहमतीने’ असं लिहिलं गेलं. मी उठून हरकत घेतली, पण अक्कांच्या वतीने मी कितीही बोललो तरी रात्री पिंप भरायला उठणं काय असतं ते मला त्यांच्यासारखं सांगता येत नाही.

उलट, अक्कांची धाकटी बहीण सोलापूरजवळच्या कुंभारीला राहते ते घरकुल बघ. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत, विडी कामगार बायकांची १०,००० घरं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान आणि बायकांनी पदरचा भरलेला हिस्सा. मागे माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर, लाल बावटा ही कामगार संघटना आणि कित्येक वर्षांचे मोर्चे. बायका सहकारी संस्थेच्या सभासद होत्या, म्हणून हिशेब विचारायचा हक्क त्यांचा होता. पुढे तिथेच कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पहिली १५,००० घरं पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. सरकारं दोन वेगळ्या पक्षांची, मागणी करणारे तिसऱ्याच विचाराचे. सगळ्यांची मतं जुळेपर्यंत थांबायचं म्हटलं असतं, तर ती बहीण अजून भाड्याच्या खोलीत विड्या वळत बसली असती. म्हणून कंपनीशी जोडून घ्यायला तू कचरतेस ते मला पटत नाही. जोडून घे, पण पैसा कुठे खर्च होतो ते मच्छीमारालाही विचारता आलं पाहिजे, आणि एखाद्या कामाला खालच्या गावांनी नको म्हटलं तर ते थांबलं पाहिजे. हे करारातच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणखी एक. बैठकीला येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. कंपनीच्या साहेबांना प्रवासभत्ता मिळतो, मग अक्कांची मजुरी प्रकल्पाच्या खर्चात का धरू नये? इथे घराघरांत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात, नुसत्या मराठी कागदावर भागणार नाही. दुभाष्याचा खर्चही धर.

मसुदा पक्का करण्याआधी तुमच्या साहेबांना घेऊन इकडे ये. अक्का दुपारी तीननंतर घरी असतात, त्यांच्या ओट्यावरच बसू. उजनीच्या मच्छीमार सोसायटीत माझा एक विद्यार्थी आहे, त्याला मी फोन करून ठेवतो. आईने शेंगाची चटणी कुटून ठेवली आहे, जाताना घेऊन जा.

तुझे,
बाबा