धूम्रपान सोडल्यानंतरचा खोकला

महोदय,

धूम्रपान सोडल्यावर २० मिनिटांत नाडी व रक्तदाब उतरू लागतात आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो, हे आता बरेच जण जाणतात; मात्र पहिल्या काही आठवड्यांत काय सोसावे लागते, हे फारसे कोणी सांगत नाही. धुरामुळे लुळे पडलेले श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, त्यामुळे खोकला काही काळ उलट वाढू शकतो. ‘विडी होती तेव्हाच बरा होतो’ असे म्हणत माणूस पुन्हा टपरी गाठतो, तो याच टप्प्यावर. आतड्यांना चालना देणारे निकोटीन थांबल्याने पोटही साफ होत नाही. त्यावर आपल्याकडे सर्रास मिश्री किंवा तंबाखूची चिमूट सुचवली जाते, म्हणजे निकोटीन आहेच! डॉक्टरांनी आणि पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावरील समुपदेशकांनी या तक्रारींची कल्पना रुग्णाला आधीच द्यावी. खोकला लांबला किंवा कफातून रक्त पडले, तर मात्र तपासणी टाळू नये.

– एक वाचक, सातारा