दहा दिवसांत गोळी सोडू नका

महोदय,

नैराश्यासाठी लिहून दिलेली एस्सिटालोप्रामची गोळी ‘काहीच फरक नाही’ म्हणून दहा दिवसांत सोडणारे फार आहेत. सिरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन मेंदूच्या पेशीत परत शोषले जाण्याची क्रिया ती काही तासांतच अडवते, पण मनाला उभारी यायला २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, झोपेची गडबड मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते आणि बहुधा ओसरते. म्हणूनच अनेकदा ५ मिलिग्रॅमने सुरू करून १० वर नेतात. कमाल मात्रा २०, पासष्टीपुढे सहसा १०.

बरे वाटल्यावरही किमान ६ महिने गोळी चालू ठेवावी लागते. ती एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्याची जाणीव होते आणि लोक म्हणतात, सवय लागली! खरी सवय लागते ती क्लोनाझेपाम या चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधाची. पाकिटावर ‘एस्सिटालोप्राम १० + क्लोनाझेपाम ०.५’ असे छापले असेल, तर ही जोडगोळी किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचाराच. वेदनेसाठी ट्रामाडॉल चालू असेल तर तेही सांगा.

पंचविशीच्या आतील रुग्णाकडे सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी नीट लक्ष द्यावे. बेचैनी वाढली, मरणाची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येते.

– एक मनोविकारतज्ज्ञ, कोल्हापूर