निळ्या जोडीचा हिशेब

रामबाग, इंदूर
14 जुलै

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात फोनवर तू मला एवढेच म्हणाला होतास की बाकी सगळे सोड, आधी भिंतीतली तार तपास. आणि मी तुला उत्तर दिले होते की ती तार तू स्वतः टाकलेली आहेस, तेव्हा तिच्यावर संशय घेण्याचा मोठेपणा दाखवू नकोस आणि बडोद्यात बसून फुकटचे सल्ले देऊ नकोस. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आज चार महिन्यांनी लिहितो आहे ते क्षमा मागण्यासाठी, असे तू खुशाल समज. मात्र क्षमा नेमकी कोणी कोणाची मागायची, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

घरी सगळे ठीक आहे. आईचे गुडघे होते तसेच आहेत, माझी साखर ताब्यात आहे.

तर तार. फायबरचे नवे कनेक्शन घेतले ते 300 एमबीपीएसचे. राउटर पुढच्या खोलीत आणि माझा संगणक नानांच्या मागच्या खोलीत, हे तुला माहीतच आहे. पुढच्या खोलीत मोबाइल हातात धरून वेग मोजला की 280 च्या वर जात असे, आणि मागे तारेने जोडलेल्या संगणकावर 94. सकाळी 94, रात्री 94, शेजारीपाजारी सगळे झोपल्यावर पहाटे उठून मोजले तरी 94. बिनतारी जोडणी तारेच्या तिप्पट वेगाने चालावी, हा अपमान मला सहन होईना. कंपनीचा मुलगा दोनदा आला, राउटर बदलून गेला आणि तिसऱ्यांदा जाता जाता म्हणाला, ‘अंकल, आपका कंप्यूटर पुराना हो गया है.’ मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुला जे बोललो त्याहून ते थोडे सौम्य होते.

मग मी एकेक संशयित धरत गेलो. अँटिव्हायरस काढून पाहिला. जेल रोडवरून दोन नव्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या आखूड तारा, आणल्या. टेबलाखालचा पाच पोर्टांचा जुना स्विच, म्हणजे एका तारेच्या अनेक जोडण्या करणारा डबा, 100 च्या वर जाणारा नव्हताच, हे त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलेले होते आणि मी ते इतकी वर्षे वाचले नव्हते. तेव्हा वाटले, चोर सापडला. हजार रुपयांचा गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचा, स्विच आणून लावला, वैशालीला बोलावून समारंभपूर्वक वेग मोजला, आणि पडद्यावर 94 हा आकडा उमटला. त्यावर ती काही बोलली नाही. फक्त जुना स्विच कपाटात ठेवू की भंगारात देऊ, असे तिने विचारले.

अखेर मृण्मयीने मार्ग दाखवला. ती म्हणाली, बाबा, इंटरनेटचा वेग नेहमी वरखाली होतो, हा आकडा हलतच नाही, म्हणजे कोणीतरी वर झाकण ठेवले आहे. पोरगी बरोबर होती. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ नावाची एक ओळ असते, तिथे 100/100 लिहिलेले होते. म्हणजे संगणक आणि स्विच यांनी आपसांतच 100 वर तडजोड केली होती आणि पलीकडून कितीही पाणी आले तरी नळ तेवढाच उघडणार होता. शंभराचे 94 का, तेही मग कळले: तारेवरून जाणारे प्रत्येक पाकीट 1538 बाइट्सची जागा अडवते आणि त्यात खरा माल असतो साधारण 1460 बाइट्स, बाकीचे सगळे पत्ते, शिक्के आणि दोन पाकिटांमधले अंतर. लॅपटॉप उचलून पुढच्या खोलीत नेला आणि हातभर तारेने थेट राउटरला जोडला. लिंक स्पीड 1000, मोजणीत 290 च्या वर. राउटर निर्दोष, कंपनी निर्दोष, तो मुलगाही निर्दोष. उरली मधली भिंत आणि भिंतीतली तुझी तार.

तरीही मला तुझा फोन आठवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणजे आठवला, पण मी तो आठवू दिला नाही.

दीडशे रुपयांचा केबल टेस्टर आणला. त्याचे दोन तुकडे असतात, तारेच्या दोन टोकांना लावले की एक ते आठ दिवे ओळीने लागत जातात. मृण्मयी पुढे आणि मी मागे. एक लागला, दोन लागला, तीन लागला. मग दोन ठोके अंधार. मग सहा, सात, आठ. पुन्हा तेच. या केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोनदोनच्या चार रंगीत जोड्या. चार आणि पाच, म्हणजे निळी जोडी. शंभराला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, हजाराला मात्र चारही लागतात. गंमत अशी की वेग ठरवण्याची बोलणी नारिंगी-हिरव्यावरच होतात. त्यामुळे दोन्ही बाजू याद्यांमध्ये हजार कबूल करतात आणि मांडवात उभे राहिल्यावर निळी जोडी आलेलीच नाही हे लक्षात येताच मुकाट्याने शंभरावर लग्न लावून घेतात. कोणी तक्रार करत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही.

रविवारी सकाळी मी मागच्या खोलीतला बॉक्स उघडला. आत सहा तारा नीट बसवलेल्या होत्या आणि निळी जोडी वेगळी काढून, इन्सुलेशन टेप गुंडाळून भिंतीतून आईच्या खोलीकडे वळवलेली होती. टेपवर बॉलपेनने ‘फोन’ असे लिहिले होते. ‘फ’चे पोट तसेच फुगलेले, जोशी सरांनी तुला ज्यावरून वर्गाबाहेर काढले होते तसे. टेप वाळून सुटली होती. ती नीट करावी म्हणून मी उघडी टोके चिमटीत धरली आणि बरोबर दहा वाजता ग्वाल्हेरहून मावशीचा फोन आला. टेलिफोनच्या तारेत एरवी 48 व्होल्ट असतात, पण घंटी वाजवताना त्यावर पाऊणशे व्होल्टच्या आसपास एसी चढतो, हे मी पुस्तकात वाचले होते. मावशीने मला आयुष्यात दिलेला हा दुसरा झटका. पहिला तुला ठाऊक आहे.

जमिनीवर बसलो आणि मला 2008 चा उन्हाळा सगळा आठवला. आईच्या खोलीत फोन हवा होता. मी म्हणत होतो, त्याच पाइपातून फोनची वेगळी तार टाकू. तू म्हणालास, या केबलमध्ये चार तारा रिकाम्याच आहेत, त्यातली एक जोडी घे, दुसरी तार कशाला? नाना अर्थातच तुझ्या बाजूने झाले, कारण त्यात बावीस मीटर तार वाचत होती. आपण दोघे त्यावरून दोन दिवस बोललो नाही. तेव्हा आपल्या घरी 256 केबीपीएसचे कनेक्शन होते आणि तू मला कागदावर भागाकार करून दाखवला होतास, की 100 एमबीपीएस म्हणजे त्याच्या जवळजवळ चारशे पट, एवढे घेऊन तू काय लोणचे घालणार आहेस? भागाकार बरोबर होता. त्या दिवशी तूही बरोबर होतास. पण वेगळी तार टाकू असे मीच म्हटले होते, हे आता एकदा तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.

आता खरी अडचण. निळी जोडी सोडवून दोन्ही टोकांना नवे कनेक्टर दाबून बसवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण ती जोडी जिवंत आहे, विनू. आई मोबाइलला हात लावत नाही. बिनतारी रिसीव्हर आणून दिला तर तो दोन दिवस वापरून तिने परत केला. म्हणाली, याला वजनच नाही, कोणी बोलते आहे असे वाटत नाही. नंबर फायबरवर नेता येतो, पण मग वीज गेली की फोनही गेला. तांब्याच्या तारेला वीज थेट एक्स्चेंजमधून येते, हे आईला तुझ्यामाझ्याआधीपासून माहीत आहे, कारण नाना गेले त्या रात्री वीज नव्हती आणि सगळे फोन तिने अंधारातच केले होते. शिवाय फायबरवर नेला तरी मागच्या खोलीपर्यंत यायला त्याला निळी जोडीच लागणार. बोळातून बाहेरून तार न्यावी तर वैशालीने पाडव्याला घर रंगवून घेतले आहे आणि खारींनी गेल्या वर्षी डिशची तार कुरतडली ती वेगळीच.

म्हणून ठरवले की त्याच पाइपातून दुसरी तार ओढायची. म्हणजे 2008 मध्ये मी म्हणत होतो तेच. स्प्रिंग वायर मागून घातली, ती नऊ मीटरवर अडकली. पुढून घातली, तेरावर अडकली. म्हणजे दोन्हीकडून एकाच जागी, देवघराच्या मागे कुठेतरी. मला पुसट आठवते की तिथे वळण होते आणि वळणावर तू एक जंक्शन बॉक्स ठेवला होतास, ज्यावर नानांनी नंतर प्लास्टर करून घेतले. तो बॉक्स देव्हाऱ्याच्या डावीकडे की उजवीकडे, आणि जमिनीपासून किती उंचीवर? चुकीच्या जागी छिन्नी लावली तर आई मला घरात ठेवणार नाही, आणि ही गोष्ट तुझ्याखेरीज आता कोणालाच माहीत नाही.

सुनंदावहिनींचे ऑपरेशन नीट झाल्याचे गोट्याकडून कळले. मी तेव्हाच फोन करायला हवा होता. ओंकारची बारावी कशी गेली? दांडिया बाजारातले घर विकता आहात हे खरे का? नीट कळव.

उत्तर पत्राने पाठवण्याची गरज नाही. लँडलाइनवर फोन कर, नंबर तोच आहे. फक्त सकाळी दहाच्या सुमारास करू नकोस, मी बहुधा बॉक्स उघडून बसलेलो असेन.

तुझा,
दिलीप