‘गोळ्या घेतल्या का?’ एवढंच विचारून भागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एचआयव्हीवर पेपरात काही छापून येतं ते साधारण दोनच प्रकारचं असतं, एक तर नवीन पेशंट किती सापडले याचे आकडे, नाहीतर औषधात काय नवीन आलं त्याची बातमी. दोन्ही हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण औषध हातात पडल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं तो माणूस ते रोज कसं घेतो, किंवा का घेत नाही, यावर फारसं कुणी लिहीत नाही. मी बरीच वर्षं एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं जिथून मिळतात तिथे) काउन्सेलर म्हणून काम केलंय, आता करत नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी चांगलं ते सांगते. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि चित्रच पालटलं. तेव्हा दिवसाला मूठभर गोळ्या लागायच्या, आता बहुतेकांना रोज एकच पुरते. गोळी नियमित घेतली की रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडणार नाही इतका खाली जातो, आणि तो तसाच खाली राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कुणाच्या मनाचं नाही, युरोपातल्या जोडप्यांवर वर्षानुवर्षं चाललेल्या पार्टनर नावाच्या अभ्यासात (शेवटचा रिपोर्ट २०१९ चा) उपचारावर असलेल्या जोडीदाराकडून एकही लागण सापडली नाही. म्हणजे औषध आहे, ते काम करतं, आणि तरीही २०२४ मध्ये जगभरात साधारण ६ लाख ३० हजार माणसं एड्सशी संबंधित आजारांनी गेली, आणि ४ कोटी ८ लाख एचआयव्हीबाधितांपैकी जवळपास ९२ लाख लोक उपचारावरच नव्हते. सगळ्यांचं कारण एकच नसतं, बऱ्याच ठिकाणी औषध पोचतच नाही, पण औषध मिळत असूनही सुटणारे जे आहेत ना, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय.

सेंटरला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, गोळ्या घेतल्या का? मग डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. आता हे पेशंटलाही माहीत असतं, त्यामुळे ज्याच्या चार-पाच चुकल्यात तो येण्याआधी तेवढ्या गोळ्या फेकून देतो की हिशोब बरोबर! कागदावर सगळं शंभर टक्के, आणि व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट आला की सगळे एकमेकांकडे बघतात. यात पेशंट खोटारडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मागच्या खेपेला चारचौघांत त्याला झापलेलं असतं, त्यानंतर खरं कोण सांगणार? प्रश्न नुसता थोडा बदलून विचारला, की रोज गोळी घेणं अवघडच असतं, बहुतेकांची कधीतरी चुकते, या महिन्यात तुमची कधी चुकली आणि त्या दिवशी काय झालं होतं, तर माणूस बोलायला लागतो. आणि जे सांगतो त्यात आळस क्वचितच असतो.

एक बाई डबीत कापूस कोंबून ठेवायच्या. का, तर पर्समध्ये गोळ्या खुळखुळल्या की आवाज येतो आणि घरात कुणालाच माहीत नाही. लेबल तर पहिल्याच दिवशी खरवडून काढलेलं. रात्री सगळे झोपले की गोळी घ्यायची, पण घरात पाहुणे असले की उठायची सोय नाही, की त्या दिवशीची गेली. आता अशा बाईला नियमितपणाचं महत्त्व सांगून काय उपयोग, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहितीय. त्यांना गोळीची वेळ बदलून सकाळी कामावर पोचल्यावरची हवी, एका वेळी तीन किंवा सहा महिन्यांचं औषध हवं म्हणजे सारखं सेंटरला जाण्याची कारणं शोधायला नकोत, आणि घरात सांगायचं का, कुणाला, कधी, हे ठरवायला कुणीतरी सोबत हवं. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून हेच सांगतेय की तब्येत स्थिर असलेल्याला कमी फेऱ्या मारायला लावा आणि तो वेळ अडचणीतल्या माणसाला द्या. मोझांबिकमध्ये तर २००८ पासून पेशंटचेच छोटे गट केलेत, दर महिन्याला एकजण जाऊन सगळ्यांची औषधं आणतो. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकच रांग आणि एकच लेक्चर.

दारूचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर उघड बोलतच नाहीत. एक पेशंट शुक्रवारी रात्री मित्रांसोबत बसायचं असलं की गोळी बंद करायचा ते थेट सोमवारी चालू. विचारलं तर म्हणाला, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना, दारू आणि या गोळ्या एकत्र घेतल्या तर लिव्हर जाईल, म्हणून मी दारू असली की गोळी घेत नाही, मी नियम पाळतो! बघा म्हणजे. आपण घाबरवलं दारू सुटावी म्हणून आणि सुटली गोळी. असे लोक पुष्कळ असतात, अमेरिकेतल्या संशोधकांनीही हेच नोंदवलंय. दारू चांगली असं कोण म्हणतंय, लिव्हरला, विशेषतः हिपॅटायटिस असेल तर, ती वाईटच, आणि पिऊन गोळी विसरतेही. पण प्यायलास तरी त्या दिवशीची गोळी घे, हे स्पष्ट सांगायला हवं, कारण दर आठवड्याला दोन-तीन दिवसांची गॅप पडत राहिली की व्हायरस डोकं वर काढतो आणि काही औषधांना दाद देईनासा होतो. मग शांतपणे पिण्याबद्दल बोलायचं, कधी पितोस, कशासाठी, थोडं कमी करून बघायचंय का. या पद्धतीचं रीतसर ट्रेनिंग असतं, पण ते घेतलेला माणूस सेंटरमध्ये असायला तर हवा.

आता मनाचं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं आणि डिप्रेशन असलेला माणूस गोळ्या चुकवतो हेही नीट सिद्ध झालेलं आहे. त्यात काही वेळा औषधाचाही हात असतो. इफाविरेन्झ नावाचं औषध वर्षानुवर्षं सर्रास दिलं जायचं, त्याने भयानक स्वप्नं पडायची, चक्कर यायची, काहींचं मन पार खचायचं, आणि पेशंटने सांगितलं तर उत्तर काय, टेन्शन घेऊ नका. २०१९ पासून त्याच्या जागी डॉल्युटेग्राविर पहिल्या पसंतीचं झालं, ते पुष्कळ बरं आहे, पण त्यानेही काहींची झोप उडते, मग रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली की बऱ्याच जणांचं भागतं. इतकं साधं असतं कधीकधी! पण झोप कशी लागते हे विचारलं तर कळणार. फिट्ससाठी कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉल्युटेग्राविरचा परिणाम कमी होतो, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तरी तेच. म्हणजे माणूस पूर्ण बघावा लागतो, नुसता त्याचा व्हायरस बघून चालत नाही.

डिप्रेशन ओळखायला लगेच सायकियाट्रिस्ट लागतो असंही नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश वाटलं का, कशातच रस वाटेनासा झालाय का, हे दोन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारायचे, मिनिटभराचं काम आहे. उत्तर हो आलं तर पुढे कोण, हा खरा प्रश्न, कारण तज्ज्ञ डॉक्टर मोजकेच. यावर झिंबाब्वेच्या डॉ. डिक्सन चिबांडा यांनी काय केलं ते वाचण्यासारखं आहे. २००६ मध्ये त्यांनी हरारेत वस्तीतल्या आज्यांना, हो आज्यांना, शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. पेशंट येऊन बसतो, मनातलं सगळं सांगतो, आजी त्यातली एकच अडचण निवडायला लावते आणि तेवढीच सोडवायला मदत करते, अशा साधारण सहा बैठका. २०१६ मध्ये याची रीतसर ट्रायल छापून आली, त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त लोक एचआयव्ही पॉझिटिव्ह होते, आणि सहा महिन्यांनी आजीकडे गेलेल्यांमधलं डिप्रेशन नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा खूपच कमी होतं. ज्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तिथे हे जमलं.

स्वतः पॉझिटिव्ह असलेले आणि बरीच वर्षं गोळ्या घेणारे लोक मदतनीस म्हणून ठेवले तर ते आमच्यासारख्या काउन्सेलरपेक्षा भारी काम करतात हेही लिहून ठेवते, कारण डबीत कापूस कोंबायची गोष्ट त्यांना सांगावी लागत नाही. पण त्यांना मानधन देताना सगळ्यांचा हात आखडतो. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या पोरापोरींना तर सोळाव्या वर्षी मोठ्यांचं कुणाचंच ऐकायचं नसतं, त्यांच्याच वयाचं कुणी असलं तरच काही खरं. आणि रोजची गोळी ज्यांना काही केल्या झेपतच नाही त्यांच्यासाठी आता एक-दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आलीत, ती सगळीकडे मिळत नाहीत हा भाग वेगळा.

बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड काउन्सेलरवर पडते, कारण औषध थांबलं तर आरडाओरडा होतो, बोलणं थांबलं तर कुणाला ऐकू जात नाही. म्हणून एक विनंती आहे. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची पुरवणी निघेल तेव्हा तुमच्या वार्ताहरांना अधिकाऱ्यांकडे एवढं विचारायला सांगा: एका काउन्सेलरमागे पेशंट किती, डिप्रेशनचे ते दोन प्रश्न किती जणांना विचारले, हो म्हणालेल्यांना पुढे कुठे पाठवलं आणि ते तिथे पोचले का, स्थिर पेशंटना एका वेळी किती महिन्यांचं औषध मिळतं. उत्तरं मिळाली नाहीत तर तसंही छापा.

आपली,
एक माजी काउन्सेलर
(नाव कृपया छापू नये, जुने पेशंट ओळखतील आणि त्यांना उगाच धास्ती बसेल.)