अंडी मरत नाहीत हे धरूनच चाल

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या समुद्री टँकमधल्या अक्रोपोराचे, म्हणजे त्या फांद्यांच्या कोरलचे, फोटो नीट पाहिले. त्याच्या बुडाशी जे मोहरीएवढे फिकट गोल डाग आहेत, ते लाइटमुळे पडलेले नाहीत. लाइटने भाजलं असतं तर उजेडाकडची बाजू आधी पांढरी पडली असती. हे डाग सावलीच्या बाजूने वर सरकतायत. हा अक्रोपोरा खाणारा चपटा कृमी, प्रोस्थिओस्टोमम अक्रोपोरी. कोरलचं मांस खाताना त्यातलं शैवालही त्याच्या पोटात जातं, म्हणून तो त्याच रंगात मिसळून जातो आणि समोर असूनही दिसत नाही. खात्री करायची तर पंप बंद कर आणि पिचकारीने फांद्यांच्या बेचक्यात जोरात पाणी मार. पातळ, लंबगोल पापुद्रे गिरक्या घेत खाली आले की शंका मिटली.

मग भिंग घेऊन अंडी शोध. जिथे मांस मरून सांगाडा उघडा पडलाय, तिथे जिवंत मांसाच्या अगदी कडेला तपकिरी-सोनेरी ठिपके एकमेकांना चिकटून एका थरात बसलेले असतात. सगळं घोडं इथेच अडतं. डिप म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवणं. त्यासाठी आयोडीन घे नाहीतर बाजारातलं तयार औषध, प्रौढ कृमी सुटून पडतात, पण अंड्यांचं काही बिघडत नाही. एकदा डिप करून निवांत झालेल्याच्या टँकमध्ये महिन्याभराने पुन्हा तेच डाग दिसतात ते यामुळेच.

डिप असं कर. तीन पांढरी टब घे, पांढरी अशासाठी की तळाशी पडलेले कृमी मोजता येतात. तिन्हींत टँकचंच पाणी, २५ ते २६ अंश. पहिल्यात ५ टक्के लुगॉल आयोडीन, लिटरला १० थेंब. फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) १० मिनिटं ठेव, छोटा पंप चालू ठेव आणि मधूनमधून बुडावर पिचकारी मार. औषधाने कृमीची पकड फक्त ढिली होते, त्याला खाली पाडतो तो पाण्याचा मारा. पुढच्या दोन टबांत खळबळून घे. वापरलेलं पाणी थेट मोरीत, टँकमध्ये थेंबही नको. मांस सोलपटून निघत असलेल्या कोरलला मात्र डिप देऊ नकोस, उरलेलंही जाईल. काहीजण बागेतलं कीटकनाशक वापरतात. ते चालतं, पण खळबळण्यात कसूर झाली तर टँकमधली कोळंबी आणि खेकडे आधी मरतात. आयोडीनवर भागत असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

डिपनंतर जुना प्लग, म्हणजे फ्रॅग चिकटवलेली बैठक, फेकून दे. फ्रॅगच्या बुडाचा मेलेला भाग कटरने छाटताना अर्धा सेंटिमीटर जिवंत भागही जाऊ दे, हळहळू नकोस. अंडी त्याच कडेला असतात. मग जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर बसव. मोठी कॉलनी छाटवत नसेल तर उघडा सांगाडा टूथब्रशने खरवड आणि त्यावर ग्लूचा थर दे.

आता वेळापत्रक. आपल्या टँकच्या तापमानाला अंडी साधारण १० ते १४ दिवसांत फुटतात, पाणी गार असेल तर आणखी वेळ लागतो. नवा कृमी अंडी घालण्याइतका मोठा व्हायच्या आत सापडला पाहिजे. म्हणून दर ५ ते ७ दिवसांनी डिप, किमान ६ आठवडे, आणि लागोपाठ तीन डिपमध्ये टबच्या तळाशी काहीच पडलं नाही तरच थांब. दर वेळी आकडा लिहून ठेव. तिसऱ्या-चौथ्या डिपला आकडा अचानक वाढला तर घाबरू नकोस, अंडी फुटली एवढाच त्याचा अर्थ.

या काळात सगळे अक्रोपोरा वेगळ्या टँकमध्ये हवेत. वाळू नको, दगड नको. हीटर, पंप, लाइट एवढं पुरे. क्षारता मुख्य टँकएवढीच ठेव. तिथे ती ७ dKH (क्षारतेचं एकक) आणि इथे १० असं झालं तर टोकं जळतील आणि दोष कृमीवर जाईल. मुख्य टँकमध्ये एकही अक्रोपोरा राहिला नाही तर कृमी उपाशी मरतो, त्याला दुसरं कोरल चालत नाही. ८ आठवडे तसाच राहू दे. मात्र दगडावर पसरलेला नखाएवढा तुकडाही मागे ठेवू नकोस, छिन्नीने काढ. सिक्सलाइन किंवा पिवळा रास (wrasse) मासा ठेवायला हरकत नाही, ते दिसलेले कृमी टिपतात, पण त्यांच्या भरवशावर डिप चुकवू नकोस.

तुझ्या माँटिपोराचंही, म्हणजे त्या दुसऱ्या जातीच्या कोरलचंही, बूड उलटून बघ. तिथे २-३ मिलिमीटरचे पांढरे, झालरीसारखे न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) दिसले तर क्रम हाच, फक्त त्यांची अंडी लवकर फुटतात, म्हणून ४-५ दिवसांनीच पुढचं डिप. अक्रोपोरावरचे लाल ठिपक्याचे पिवळसर किडे मात्र अर्ध्या मिलिमीटरचे कवचधारी असतात. त्यांचं औषध वेगळं, आणि ते कोळंबीलाही मारतं. तसं काही दिसलं तर औषध टाकण्याआधी मला कळव.

पहिल्या डिपनंतर टबच्या तळाचा आणि छाटलेल्या बुडाचा फोटो पाठव.

तुझा,
मिलिंद